कोळशाची रेघ

आमच्या कणगीत, आतल्या अंगाला,
कमरेच्या उंचीवर कोळशाची एक रेघ आहे.
रेघेवरची नागली बाजाराची,
रेघेखालची घरची.
कायदा एवढाच. पण यावरून दोनदा भांडण झालंय,
एकदा तर तवा फेकला गेला. माझ्याच हातून.

आधी हरसूलच्या बाजारात हेमराज शेट घ्यायचा.
पायली त्याची, आणि पायलीचं बूड जरा जास्तच खोल.
मूठभर दाणे उचलून फुंकर मारायचा,
'गरिबाचं धान्य,' म्हणायचा,
आणि कोंडा माझ्या लुगड्यावर.
गुळाचा खडा मात्र फुकट द्यायचा भारतीला,
म्हणून त्याला शिव्या देताना अजून जीभ अडखळते.

मग नाशिकहून शर्वाणीबाई आल्या. कॉलेज रोडला दुकान.
त्यांनी आमची नागली तळहातावर घेतली
अंगारा घेतात ना, तशी.
'जयवंतीताई, यात कॅल्शियम असतं.'
म्हटलं, असेल. आम्हाला वाटायचं नुसती भाकरच असते.
त्यांचा काटा बॅटरीवरचा.
शेटकडं चाळीस किलो म्हणून जायचं
तसलंच पोतं त्यावर सेहेचाळीस भरलं.
मी पुन्हा ठेवायला लावलं. पुन्हा सेहेचाळीस.
किती वर्षं, किती पोती,
बोटं मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

वरईचीही तीच गत.
आम्ही ती भुकेला शिजवतो, नाशकात उपासाला.
एकादशी जवळ आली की भाव चढतो.
दीर म्हणतो, या लोकांना देव रोज आठवला
तर आपल्या घरावर स्लॅब पडेल.

भाव चढला तसा मनाजी कणगीत वाकून बघायला लागला.
'रेघ जरा खाली घेऊ. रेशनचा तांदूळ आहेच की.'
आहे. खोटं कशाला बोलू.
पण आवणीला चिखलात उतरलं की दहा वाजताच
पाय लटपटतात, आणि तोच विचारतो,
भाकर नाही आणली?

पैशाला मी नावं ठेवत नाही.
भारतीची वसतिगृहाची पेटी त्या पैशाची,
माझी दाढ काढली तीही.
म्हणून मागच्या साली मीच म्हटलं, घे चार बोटं खाली.
आषाढ सरायच्या आत मापटं तळाला खरडलं,
शेणाचा पापुद्रा नखात आला.
बियाण्याचा भोपळा आढ्याला टांगलेला,
त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं,
कुणी बघत नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याच दिवसांत भारती सुट्टीला आली,
कुण्या मैत्रिणीनं दिलेला पुडा घेऊन.
नागलीची बिस्किटं.
पुड्यावर बाईचं चित्र, नाकात नथ, हातात विळा.
मी नथ कधी घातली नाही.
पाच जणांत वाटून खाल्ली. गोड होती.
आमच्या शेतातली होती का,
चवीवरून ओळखता आलं नाही.

या वर्षी खळं आटोपायच्या आधी कणगी सारवली.
सारवताना रेघ पुसली गेली.
बाईंचा फोन येऊन गेला होता, 'या खेपेला किती पोती?'
म्हटलं, अजून आखायचं आहे.
भारतीला आत उतरवलं.
कणगीतून तिचा आवाज घुमून आला,
'कुठं ओढू?'
'तुझ्या छातीशी ओढ, मागं होती तशी.'
'पण आई, मी वाढलेय तेव्हापासून.'

मनाजी उंबऱ्यात बसून सुंभ वळत होता.
उठला, चुलीपाशी गेला,
आणि तिला दुसरा कोळसा दिला.
पहिला ओला होता.